शिशाच्या पुतळ्यावर तांबूस ओघळ कशामुळे?

प्रश्न
वेल्समधील पॉविस कासलच्या बागेत, उतारावर टप्प्याटप्प्याने उतरत गेलेल्या गच्च्यांपैकी एकीच्या कठड्यावर, नाचणाऱ्या मेंढपाळ स्त्री-पुरुषांचे शिशाचे पुतळे पाहिले आणि मन अगदी हरखून गेले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे हे काम शिल्पकार व्हान नॉस्ट यांच्या कार्यशाळेतील आहे. पुढे दुसऱ्या एका बागेत तशाच जातीच्या पुतळ्याच्या घोट्याशी केसाएवढी भेग आणि तीतून उतरलेला तांबूस ओघळ दिसला. शिसे तर गंजत नाही. मग हा रंग कुठला? शिवाय हे पुतळे पूर्वी रंगवलेले असत, असे तिथे ऐकले. ते खरे आहे का?

प्रतिसाद १
तो ओघळ आतल्या लोखंडाचा आहे. असे पुतळे पोकळ असतात. साच्यात वेगवेगळे भाग ओतून ते एकमेकांना झाळलेले असतात आणि आधारासाठी आत लोखंडी गज असतात. सांध्यातून पाणी झिरपले की गज गंजतो, गंजाने फुगतो आणि शिशाला आतून फाडतो. त्यातच शिसे इतके मऊ, की स्वतःच्या वजनानेही ते वर्षानुवर्षे हळूहळू बसत जाते. एका पायावर तोल सांभाळणाऱ्या नर्तकाचा सारा भार घोट्यावर येत असल्याने भेग तिथेच पडणे स्वाभाविक आहे. वरून भेग बुजवणे हा उपाय नव्हे, कारण ओल आतच कोंडते. पुतळा उघडून जुने लोखंड काढावे लागते आणि त्याजागी स्टेनलेस स्टीलचा सांगाडा बसवावा लागतो.

प्रतिसाद २
रंगाविषयी आपण ऐकले ते खरे आहे. संगमरवर महाग, आणि त्यात मुरलेले पाणी थंडीत गोठले की दगड फुटतो. म्हणूनच इंग्लंडमधील वॉडस्डन मॅनर या हवेलीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पुतळ्यांवर आवरणे चढवतात. शिसे स्वस्त पडे, एका साच्यातून अनेक प्रती निघत आणि पांढरा रंग दिला की लांबून दगडाचा भास होई. मेंढपाळ, माळी अशा आकृत्या तर अंगावरच्या कपड्यांसह खऱ्या रंगांत रंगवत. नॉस्ट यांच्यानंतर लंडनमध्ये जॉन चीअर यांनी हाच व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालवला. उघड्या शिशाचा करडेपणा आपल्याला आज भारदस्त वाटतो, पण ती नंतरची आवड आहे. जिथे जुन्या रंगाचा पुरावा सापडतो, तिथे रंग परत द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद ३
पुराव्याची अट मला मान्य आहे, पण घाई नको. डर्बीशरमधील मेलबर्न हॉलच्या बागेत झाडांमधल्या वाटा जिथे एकत्र येतात, तिथे नॉस्ट यांचाच चार ऋतूंचा शिशाचा भव्य कलश उभा आहे. हवेने शिशावर चढलेला करडा थर धातूचे रक्षणही करतो. अशा कलशावर नवा रंग देण्यासाठी तो थर खरवडला, तर त्याखालचे बारीक नक्षीकामही झिजेल. जुना रंग शोधायचा तर पावसाचा मारा पोहोचत नाही अशा जागी, म्हणजे काखेत, वस्त्राच्या खोल चुण्यांत किंवा टोपीच्या काठाखाली पाहावे.