पत्ते पुरतात, पण अडचण पत्त्यांची नाही

वरच्या प्रतिसादात म्हटले आहे की इमारतीच्या आत खासगी (इमारतीपुरते) आयपीव्ही४ पत्ते, म्हणजे संगणक जाळ्यातील उपकरणांचे जुन्या पद्धतीचे पत्ते, मुबलक असल्याने वातानुकूलन आणि संवेदकांसाठी आयपीव्ही६ ही नवी पद्धत लागत नाही. पत्ते पुरतात हे खरे आहे, पण बॅकनेट (इमारतीतील यंत्रणांना एकमेकांशी बोलायला लावणारे मानक) वापरणारे उपकरण आयपीव्ही४ वर ‘कोण आहे?’ अशी हाक सर्वांना घालते, ती राउटरपाशीच अडते, आणि मग प्रत्येक सबनेटमध्ये (जाळ्याच्या तुकड्यात) ही हाक पुढे पोचवणारे मध्यस्थ उपकरण नेमून त्यांच्या पत्त्यांचे तक्ते भरत बसावे लागते. आमच्याकडे अशा एका मध्यस्थाचा पत्ता बदलला, तक्त्यात जुनाच राहिला, आणि गच्चीवरचे कूलिंग टॉवर व्यवस्थित चालू असूनही नियंत्रण कक्षाच्या पडद्यावरून नाहीसे झाले. कारण सापडेपर्यंत अख्खा दिवस गेला. बॅकनेटच्या २०१६ च्या मानकातील आयपीव्ही६ जोडणीत ही हाक मल्टिकास्टने, म्हणजे ठरलेल्या गटापुरतीच जाते. मल्टिकास्ट राउटिंग नीट बसवले, तर हे तक्ते मुळात लागतच नाहीत.

बिनतारी संवेदकांच्या ८०२.१५.४ या मानकाच्या एका चौकटीत (एका वेळी पाठवायच्या संदेशाच्या तुकड्यात) जेमतेम १२७ बाइट मावतात आणि आयपीव्ही६चे शीर्षकच, म्हणजे पत्ते वगैरे असलेला सुरुवातीचा भागच, ४० बाइटांचे असते, ही शंका रास्त आहे. मात्र सिक्सलोपॅन ही अशा छोट्या उपकरणांसाठीची आयपीव्ही६ची जुळवणी-पद्धत ते शीर्षक स्थानिक दुव्यावर (थेट शेजारच्या उपकरणाशी बोलताना) २ बाइटांपर्यंत आवळते. नव्या इमारतीच्या निविदेत आयपीव्ही६ची अट आत्ताच घालावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.