लॅबसाठी मुक्त सॉफ्टवेअर सुचवा (बजेट शून्य)

सरळरेषा:
पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घेते. विभाग मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचं लायसन्स पुढच्या सत्रापासून बंद करतोय. गरज इतकीच: आलेख, एरर बार (रीडिंगमधली त्रुटी दाखवणाऱ्या रेघा) आणि कर्व्ह फिटिंग, म्हणजे रीडिंगना सूत्राची रेषा बसवणं (कपॅसिटर डिस्चार्ज, मंदावणारा दोलक). मशिन्स ४ जीबी रॅमची, इंटरनेट असून नसल्यासारखं. काय वापरता?

जुनं_खोड:
पायथन. विषय संपला. ॲनाकोंडा (पायथनचा तयार संच) टाका, त्यातलं ज्युपिटर (कोड लिहायची वही) उघडा. आणि मशिन्सना १६ जीबी रॅम आणि एसएसडी घाला. आमच्याकडे घातली, कायापालट झाला.

सरळरेषा:
काका, बजेट शून्य आहे हो.

जुनं_खोड:
रॅम हा खर्च नसतो, गुंतवणूक असते.

आकडेमोड्या:
आर (R) ही भाषा घ्या. संख्याशास्त्रवाल्यांनी स्वतःसाठी बनवलेलं आहे, १९९३ पासून चालू आहे. एक गंमत सांगतो. त्यातल्या एनएलएस या फिटिंगच्या फंक्शनला सूत्रात आकडे टाकून काढलेला, काडीचीही त्रुटी नसलेला डेटा दिला की ते बहुधा अडून बसतं. माझ्या बॅचमधली घरी बसून 'रीडिंग' घेणारी पोरं अशीच सापडली.

फुलपाखरू_२:
:)) हे भारी आहे.

रात्रपाळी:
इतका ऊहापोह कशाला? लिबरऑफिस कॅल्कमध्ये ट्रेंडलाइन टाकायची, काम झालं. सगळ्यांना येतं.

आकडेमोड्या:
स्प्रेडशीट? सेप्ट१, मार्च१ या जनुकांची स्प्रेडशीट परस्पर तारीख करत होती. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. सेप्टिन१ झालं, मार्चएफ१ झालं.

रात्रपाळी:
दोलकात जनुकं कुठून आली?

कुंपणावरचा:
जनुकांचं सोडा, कॅल्कमध्ये खरी गोम वेगळीच आहे. एक्स्पोनेन्शियल ट्रेंडलाइन लॉग (लॉगरिदम) घेऊन सरळ रेषा बसवते. डिस्चार्जच्या शेवटी व्होल्टेज मीटरच्या किमान मापाच्या आसपास लटपटत असतं. लॉग घेतला की नेमकी तीच रीडिंग डोक्यावर बसतात आणि टाइम कॉन्स्टंट (डिस्चार्ज किती वेगाने होतो तो आकडा) भलताच येतो. शेपूट छाटा किंवा लॉग न घेता फिट करा.

पेंग्विनवाला:
ऑक्टेव्ह कोणीच कसं नाही म्हटलं? मॅटलॅबसारखंच मुक्त सॉफ्टवेअर आहे, मॅटलॅबच्या जुन्या एम-फाइल्स (प्रोग्राम) बऱ्याचशा तशाच चालतात. फक्त मॅटलॅबच्या टूलबॉक्समधलं (जोड-पॅकेजमधलं) 'फिट' मिळणार नाही. ऑप्टिम पॅकेज लागेल, ते आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. बंदिस्त सॉफ्टवेअरचा मला मनस्वी तिटकारा आहे. परीक्षेच्या दिवशीच लायसन्स सर्व्हर बसला आणि अख्खी बॅच खिडकीतून बाहेर बघत बसली होती.

जुनं_खोड:
पुन्हा सांगतो, पायथन. नोकरीतही उपयोगी पडतं.

कुंपणावरचा:
पायथनला विरोध नाही, पण सायपायच्या (पायथनच्या गणिती लायब्ररीच्या) कर्व्ह-फिटमध्ये 'ॲब्सोल्यूट सिग्मा' हा पर्याय मुळात बंद असतो. तुम्ही दिलेले एरर बार मग नुसते सापेक्ष वजन म्हणून धरले जातात आणि उत्तरातली त्रुटी डेटाच्या पसाऱ्यावरून ठरते. मोजमापातली त्रुटी शिकवायची असेल तर ते चालू करा.

सरळरेषा:
सगळ्यांचे आभार. ठरलं, न्यूप्लॉट (gnuplot, आलेख आणि फिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर) घेतेय. लॅबमधल्या सर्वात जुन्या मशिनवर टाकून पाहिलं, चटकन उघडलं. डेटा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतो, आणि प्रत्येक फिट लॉग फाइलमध्ये नोंदला जातो, त्यामुळे जर्नल तपासताना कोणी किती वेळा काय केलं ते दिसतं.

पेंग्विनवाला:
आँ? हे तर कोणी सुचवलंच नव्हतं. पण नावात gnu आहे, म्हणजे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचं आहे, चांगलंच असणार.

आकडेमोड्या:
ग्नूचा काडीमात्र संबंध नाही. १९८६ चं वेगळं सॉफ्टवेअर आहे, लायसन्सही वेगळं. बदललेला अख्खा सोर्स कोड वाटता येत नाही, बदल पॅच म्हणून (मूळ कोडपासून वेगळे) द्यावे लागतात.

पेंग्विनवाला:
मग ते मुक्त कसलं? यासाठी वेगळा धागा काढतो.

जुनं_खोड:
न्यूप्लॉट! आमच्या वेळचं. पोरं पळून जातील.

कुंपणावरचा:
निवड वाईट नाही. दोन गोष्टी मात्र पाहा. पॅरामीटरला सुरुवातीची किंमत दिली नाही तर ते १ धरतं. दोलकाची वारंवारता १ च्या आसपास नसेल तर फिट हमखास भरकटतं, म्हणून पोरांना आलेखावरून आधी आवर्तकाल काढायला लावा. आणि फिटच्या कमांडमध्ये 'वायएरर' (रीडिंगची त्रुटी धरायची सूचना) लिहिलं नाही, तर सगळ्या रीडिंगना सारखंच वजन मिळतं.

सरळरेषा:
आवर्तकाल आधी हाताने, हे आवडलं. पहिल्याच प्रॅक्टिकलला तसं करून घेते.

नवाकोरा:
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. पायथन बघितलं का?