काकडी, पालेभाजी, कोरा चहा: तुम्ही वहीत लिहिता की सोडून देता?

पानोपानी (धागा काढणारी)

आहाराची नोंद ठेवणाऱ्यांशी बोललं की एका ठिकाणी हमखास मतं फुटतात. पोळी, भात, तेल सगळेच लिहितात. पण जेवताना तोंडी लावलेली काकडी, सकाळचा बिनसाखरेचा कोरा चहा, भाजीवर भुरभुरलेली कोथिंबीर? १०० ग्रॅम काकडीत साधारण १५ कॅलरी, टोमॅटोत १८-२०, पालकात २३च्या आसपास. कोऱ्या चहाच्या कपात जेमतेम दोन. काहींच्या मते हे लिहिणं म्हणजे निव्वळ वेळखाऊपणा, तर काहींच्या मते एकदा सूट दिली की नोंदीला अर्थ उरत नाही.

मी स्वतः भाज्या लिहिते, पण वजनकाट्यावर ठेवत नाही. कच्च्या सॅलडच्या वाडग्याला सरसकट ३० कॅलरी धरते आणि पुढे जाते. तुम्ही काय लिहिता, काय सोडता आणि तसं का ठरवलंत, ते सविस्तर सांगा. आजारपणामुळे पथ्य पाळणाऱ्यांनी तर जरूर लिहा, कारण त्यांचा हिशोब वेगळा असतो.

रानभाजी

आमच्याकडे कोशिंबिरीशिवाय पान वाढत नाहीत, म्हणून मी एकदा खमंग काकडीचा हिशोब मांडून पाहिला. एका माणसाची वाटी: दीडशे ग्रॅम काकडी, म्हणजे बावीस-तेवीस कॅलरी. दाण्याचं कूट १० ग्रॅम, त्याच्या पंचावन्न. फोडणीला चहाचा एक चमचा तूप, चाळीसेक. साखर दोन ग्रॅम, आठ. एकूण सव्वाशेच्या घरात, आणि त्यात काकडीचा वाटा पाचवा हिस्सासुद्धा नाही! वरून ओलं खोबरं आलं तर तो आणखी खाली.

तेव्हापासून आमच्या वहीत काकडीचा रकानाच नाही. कूट, खोबरं आणि फोडणीचं तूप मात्र चमच्याने मोजून लिहिते. दुधी, पडवळ, कोबी यांनाही हाच नियम. कोबीच्या भाजीतल्या कॅलरी कोबीत नसतात, कढईत असतात. कूट बंद करा असं मी कुणालाही सांगणार नाही. दाण्यांत प्रथिनं आहेत, आणि बिनकुटाची कोशिंबीर आमच्या घरात कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही.

सातबारा

मेसमध्ये जेवतो. भाजीत तेल किती ते मला कळायला मार्ग नाही. जे दिसतं तेवढंच लिहितो. काकडी-मुळा लिहीत नाही, तर्री लिहितो.

दशांश

हिशोब डोक्यात ठेवणाऱ्यांसाठी थोडं तांत्रिक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यात ५२८ पदार्थ आहेत. आपल्या मातीतल्या भाज्यांसाठी मी तेच वापरतो. फक्त त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. ४.१८४ ने भागल्यावर आपली नेहमीची कॅलरी मिळते. हे माहीत नसलं की भाज्यांचे आकडे पाहून माणूस उगाच दचकतो.

ॲपमधल्या नोंदी मात्र डोळे झाकून घेऊ नका. 'मेथी' शोधलं की कधी पानं येतात, कधी दाणे. पानांत १०० ग्रॅमला पन्नासच्या आत, दाण्यांत तीनशेच्या वर. कोथिंबीर आणि धन्यांचंही तसंच. कमी कॅलरीच्या पदार्थात खरा घोळ होतो तो इथे, काकडी लिहिली की नाही यात नव्हे.

आणखी एक. पचवायलाच जास्त ऊर्जा लागते, म्हणून अमुक भाजी 'उणे कॅलरी'ची, असं फिरत असतं. पचनाला खाल्लेल्या ऊर्जेचा थोडाच भाग खर्च होतो. उरलेली, कितीही कमी असली तरी, जमेकडेच राहते.

परसदार

मी अमेरिकेत असते. इथे वेट वॉचर्स नावाचा वजन घटवण्याचा कार्यक्रम आहे, त्यात पदार्थांना गुण देऊन ते मोजायचे असतात. बहुतेक भाज्यांना शून्य गुण असतात, म्हणजे त्या लिहायच्याच नाहीत. २०१७च्या अखेरीस ती यादी वाढून दोनशेच्या वर गेली, त्यात अंडी आणि चिकन ब्रेस्टही आले. भाज्यांची सूट मला मनापासून पटली. त्यामुळे ताटात गवार, फरसबी, फ्लॉवर वाढले. अंडी मात्र मी लिहितेच. एका अंड्याच्या सत्तर कॅलरी काही नगण्य नाहीत.

इथल्या लेबलांबद्दलही सांगते. एका वाढपात (म्हणजे सर्व्हिंगमध्ये) पाचपेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य छापायला परवानगी आहे. तेलाच्या फवाऱ्याच्या डब्यावर वाढप असतं पाव सेकंदाचं, म्हणून तिथेही शून्य. आत निव्वळ तेल! डोसा घालताना कुणी पाव सेकंद फवारत नाही. मी तो डबा तेलाच्याच रकान्यात धरते.

शहाळं

पानोपानीताई, आजारपणाचं विचारलंत म्हणून लिहितो. वडील डायलिसिसवर आहेत. आमच्या वहीत कॅलरीचा रकाना आहे, पण तो शेवटचा. पहिला पोटॅशियमचा, दुसरा पाण्याचा. पालक २३ कॅलरीचा, पण १०० ग्रॅमला पोटॅशियम साडेपाचशे मिलीग्रॅमच्या आसपास. टोमॅटोचंही बघावं लागतं. शहाळ्यात १०० मिलीला वीसेक कॅलरी, म्हणून भेटायला येणारे हौसेने घेऊन येतात. त्यातल्या पोटॅशियममुळे ते वडिलांना चालतच नाही. पाहुण्यांना ते कसं सांगायचं, हे अजून जड जातं.

भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडतो, ते पाणी टाकून देतो, मग फोडणी. पोटॅशियम बरंच कमी होतं. पातळ ताकसुद्धा मोजून, कारण ते दिवसाच्या पाण्यात धरलं जातं. ज्यांच्या घरी किडनीचा रुग्ण आहे त्यांनी 'कमी कॅलरी, मनसोक्त खा' हे वाक्य कानाआड करावं आणि आपल्या आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ताच पाळावा.

ओटी

शहाळं यांना दुजोरा. माझ्या सासूबाई रक्त पातळ राहण्याची वॉरफरिन गोळी घेतात. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. डॉक्टरांनी पालेभाजी बंद केली नाही, प्रमाण रोज सारखं ठेवायला सांगितलं. म्हणून आम्ही मेथी-पालकाची वाटी न चुकता लिहितो.

निवांत

थोडं वेगळं लिहिते. एका काळात माझी नोंद चहातल्या पुदिन्याच्या पानापर्यंत गेली होती. लग्नाच्या पंगतीत वरणाच्या वाटीकडे बघून घाम फुटायचा. तो आजार होता आणि उपचार घेतल्यावरच सुटला. समुपदेशक बाईंनी सगळी नोंद एकदम बंद करायला लावली नाही. आधी पालेभाज्या, काकडी, मुळा, लिंबू, मसाले एवढंच लिहायचं सोडायला सांगितलं. त्या दहा-वीस कॅलरी न लिहिताही दिवस नीट जातो, हे आधी अंगवळणी पडलं. मग पोळी लिहिणंही सुटलं.

कोथिंबीर लिहायची राहिली म्हणून ज्यांना झोप लागत नाही, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वहीचं नंतर बघा, आधी कुणाशी तरी बोला.

पथ्यकर

मी आहारतज्ज्ञ आहे. मधुमेहासाठी अमेरिकेत तयार झालेल्या अदलाबदलीच्या याद्यांमध्ये (एकाऐवजी दुसरा खाता येईल असे पदार्थ ज्यात गटागटाने दिलेले असतात) 'मुक्त पदार्थ' असा एक गट आहे: एका वाढपात २० पेक्षा कमी कॅलरी आणि जास्तीत जास्त ५ ग्रॅम कर्बोदकं. त्यातल्या ज्या पदार्थांचं वाढप ठरवून दिलंय, ते दिवसातून तीनदाच, तेही विभागून. मला ही रीत आवडते, कारण ती सूटही देते आणि सुटीला काठही घालते. बिनसाखरेच्या जेलीला हा काठ हवा.

भाज्यांना मात्र मी सहसा काठ घालत नाही. आपल्या देशाच्या २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरीच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्यात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ताटात त्याच्या निम्म्याही नसतात. भाज्या लिहा, पण कॅलरीसाठी नको, पुरेशा पोटात गेल्या का ते कळावं म्हणून ग्रॅममध्ये लिहा.

दर्यावर्दी

आमच्या मालवणी घरातलं सांगतो. फुटी कढी, म्हणजे कोकमाचं आगळ, पाणी, मीठ, मिरची, कोथिंबीर. ती मी लिहीत नाही. त्यात नारळाचा रस पडला की सोलकढी, आणि जाड रसात १०० मिलीला दोनशेच्या वर कॅलरी. आई पहिला रस काढते की दुसरा, यावर सगळं अवलंबून, म्हणून मी आधी तिला विचारतो आणि मग लिहितो. पथ्यकर, दुसऱ्या-तिसऱ्या रसाचा काही अंदाज तुमच्याकडे असेल तर इथेच टाका. मासे खाणाऱ्या घरांना तो रोज लागतो.