‘जनुकसुधारित’मधलं ‘सुधारित’ कुणी ठरवलं?

‘जेनेटिकली मॉडिफाइड’ (जीएम) पिकांना आणि अन्नाला मराठीत सर्रास ‘जनुकसुधारित’ लिहितात. मूळ शब्दात फक्त बदल आहे. सुधारलं की बिघडलं, हे त्यात नाही. शिवाय ‘सुधारित वाण’ म्हणजे निवडीतून किंवा संकरातून काढलेलं वाण, हा शेतीतला जुना शब्द. घोटाळा होत नाही का?

---

‘सुधारित वेळापत्रक’ सोयीचंच असतं असं थोडंच आहे! तिथे सुधारित म्हणजे नुसतं बदललेलं. पण अन्नाच्या बाबतीत वाचणारा तसं वाचत नाही, हे खरं.

---

हा पेच सगळीकडेच आहे. १९९२ साली पॉल लुईस या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी न्यूयॉर्क टाइम्सला लिहिलेल्या पत्रात ‘फ्रँकनफूड’ (कादंबरीतल्या राक्षस घडवणाऱ्या फ्रँकनस्टाइनवरून) हा शब्द वापरला. जनुकं बदललेला ‘फ्लेवर सेव्हर’ टोमॅटो बाजारात आला १९९४ साली. म्हणजे टोमॅटोच्या आधी शिवी तयार!

वेष्टनावरच्या खुणा पाहा. अमेरिकेत १ जानेवारी २०२२पासून ‘बायोइंजिनिअर्ड’ असं सांगणं सक्तीचं आहे. त्याच्या चिन्हात हिरवं शेत आणि वर सूर्य. ब्राझीलमध्ये पिवळा त्रिकोण, काळी कड, आत ‘टी’, म्हणजे ‘ट्रान्सजेनिक’. थेट धोक्याची पाटी. आणि अशी पिकं घेण्यात अमेरिकेखालोखाल ब्राझीलच! जर्मनीत उलटं: ‘ओने गेनटेक्निक’, म्हणजे ‘जनुकतंत्राविना’, हेच मिरवायचं लेबल. युरोपीय संघात नकळत मिसळलेला अंश ०.९ टक्क्यापर्यंत चालतो, त्यापुढे लिहावंच लागतं.

चिनी शब्द मला सगळ्यात आवडतो. जनुकाला ते ‘जीयिन’ म्हणतात. उच्चार ‘जीन’च्या जवळचा आणि अक्षरांचा अर्थ साधारण ‘मूळ कारण’. आपलं ‘जनुक’ही असंच, ‘जन्’ धातूतून आलेलं आणि कानाला ‘जीन’सारखं. मात्र त्यापुढे ते ‘सुधारित’ जोडत नाहीत. ‘हलवलेलं’ अशा अर्थाचं ‘च्वान’ आधी लावतात.

---

मग ‘पारजनुकीय’ का नको?

---

तो ‘ट्रान्सजेनिक’ला. दुसऱ्या जातीचं जनुक घातलं तरच. जनुक संपादनात, म्हणजे आहे त्याच जनुकात नेमका फेरफार करण्यात, बाहेरचं काही घालावंच लागतं असं नाही, तरी युरोपीय न्यायालयाने २०१८मध्ये तेही ‘मॉडिफाइड’मध्येच धरलं. दोन्हींना पुरेल असं हवं तर ‘जनुकपरिवर्तित’.

---

तेच लिहितो. बोलताना मात्र ‘जीएम’च तोंडात येणार.