३३ वर्षं आणि ३३ अनारसे

बी-५०४: ज्यांनी डार्क, ती नेटफ्लिक्सवरची टाइम ट्रॅव्हलची जर्मन सिरीज, पूर्ण बघितलीय त्यांनीच वाचा. मी दुसऱ्यांदा बघतोय आणि परत त्याच जुन्या थिअरीपाशी अडकलोय, तो शाळकरी पोरगा बार्टोशच मोठेपणी नोआ, म्हणजे तो गूढ पाद्री, होतो ही. पहिल्या सीझननंतर जो तो हेच म्हणत होता

बी-३०२: अरे ती केव्हाच फुटली की, दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच १९२१ मधला तरुण नोआ दाखवलाय

बी-५०४: हो पण त्या सीनमध्ये तो टिकावाने ज्याला मारतो तो शेवटी बार्टोशच निघतो ना, आणि वर नोआचा बाप. म्हणजे थिअरी एका पिढीने हुकली, बाकी लोक बरोबर घरात शिरले होते

ए-४०३: अहो स्पॉयलर!!! मी सीझन दोनवर आहे अजून 😡

बी-३०२: २७ जून २०२० ला आला ना शेवटचा सीझन, सिरीजमध्ये जगबुडी होते नेमकी त्याच तारखेला. किती वर्षं गप्प बसायचं आम्ही

सेक्रेटरी काका: हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. उद्या टाकी धुणार, पाणी ११ ते २ बंद.

बी-५०४: हो काका 🙏

ए-१०१ काकू: ते ३३ चं काय आहे रे? लेक बघत असते, मी मेथी निवडत बसलेली, सारखं कानावर ३३ ३३

बी-३०२: काकू विंडेन नावाचं गाव आहे, तिथल्या गुहेतून माणसं ३३ वर्षं मागेपुढे जातात. मिकेल म्हणून मुलगा २०१९ मध्ये हरवतो तो थेट १९८६ ला, तिथेच मोठा होतो, लग्न करतो. ३३ वर्षांनी चंद्रसूर्याचं गणित परत जुळतं असं सांगतात त्यात

ए-१०१ काकू: मग यात नवीन काय, अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारसे देतोच की आपण

बी-५०४: 😂😂 काकू कुठे ते कुठे हे

ए-१०१ काकू: हसू नकोस. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५. दरवर्षी ११ दिवस फरक पडतो, आपण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालून तो भरून काढतो, म्हणून ३३ असं सासरे सांगायचे. महिना घातलाच नाही तर काय होईल? ११ गुणिले ३३ कर

बी-५०४: ३६३

बी-३०२: आयला, म्हणजे जवळजवळ अख्खं वर्ष! म्हणूनच रमजान सगळे ऋतू फिरून ३३ वर्षांनी परत तिथेच येतो, त्यांच्यात अधिक महिना नाही ना

बी-५०४: मग माझी नवी थिअरी घ्या. विंडेनमध्ये कुणाकडे पंचांग असतं तर मिकेल ३३ वर्षांऐवजी ३३ महिनेच मागे गेला असता, २०१७ ला, घरी जाऊन बघतो तर ताटावर आठ वर्षांचा तोच बसलेला 😂

बी-३०२: आणि काकू, यात एक बाई स्वतःच्याच मुलीची मुलगी आहे. शार्लोट आणि एलिझाबेथ, दोघी एकमेकींच्या आई

ए-१०१ काकू: अगबाई. मग माहेर कुणाचं कुठलं म्हणायचं?

ए-४०३: ग्रुप म्यूट करतेय मी

बी-५०४: सॉरी ताई. पण त्या पोलीसवाल्या वोलरच्या डोळ्याला काय झालं याची थिअरी आहे का कुणाकडे? शेवटच्या जेवणात तो सांगायला लागतो आणि नेमके लाईट जातात

सेक्रेटरी काका: ते मलाही कळलेलं नाही. टाकी ११ ला.