मदत हवी आहे : इथरकॅटवर सर्व्हो दर ५० सेकंदांनी खट्ट करतोय

भोसरी_मोशन
भोसरीत एका मशीनवर चार सर्व्हो (पोझिशन सांभाळणाऱ्या मोटर आणि त्यांचे ड्राइव्ह) आहेत, इथरकॅट (ड्राइव्हना जोडणारं इथरनेटवरचं रिअल-टाइम नेटवर्क), सायकल १ मिलिसेकंद. मास्टर, म्हणजे नेटवर्क चालवणारा पीसी, लिनक्सवर. सुरुवातीला सगळं नीट चालतं, मग दर ५० सेकंदांच्या आसपास अक्षातून खट्ट आवाज. मधूनच एखादा ड्राइव्ह ओपीतून (चालू अवस्था) सेफ-ओपीत (सुरक्षित अवस्था, आउटपुट बंद) पडतो. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, शुक्रवारी सकाळी कस्टमर ट्रायलला हजर. टायमरमध्ये काय बदलू? लवकर सांगा.

यंत्रवेडा
कर्नल कुठला? नेटवर्क कार्ड? मास्टर सॉफ्टवेअर सोएम की आयजीएच? वर्किंग काउंटर (फ्रेम सगळ्या स्लेव्हनी, म्हणजे ड्राइव्हनी, हाताळली का ते सांगणारा आकडा) काय म्हणतो? एएल स्टेटस कोड (ड्राइव्ह का पडला ते सांगणारा) वाचलात का? नुसतं 'नीट चालतं' यावरून कोण काय सांगणार?

चाकण_पॅनेल
आधी अर्थिंग बघा. माझ्या एका पॅनेलमध्ये व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) मोटर केबल आणि इथरकॅटची केबल एकाच ट्रेमधून गेली होती. वेगळ्या केल्या, शील्ड दोन्हीकडे नीट क्लॅम्प केली, त्रास संपला.

यंत्रवेडा
@चाकण_पॅनेल नॉइज घड्याळ लावून येत नाही हो. आणि तो असेल तर रजिस्टर ०३०० पासूनचे एरर काउंटर वाढलेले दिसतील.

भोसरी_मोशन
ते शून्यच आहेत. प्रीएम्प्ट-आरटी (रिअल-टाइम) कर्नल, इंटेल आय२१० कार्ड, सोएम, डीसी (डिस्ट्रिब्यूटेड क्लॉक, स्लेव्हची घड्याळं जुळवणारी सोय) चालू. फ्रेम पाठवणारा थ्रेड फिफो शेड्युलिंगवर, प्रायॉरिटी ८०, वेगळ्या कोअरवर. सायक्लिकटेस्ट (थ्रेड जागा व्हायला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) रात्रभर चालवली, कमाल ३० मायक्रोसेकंद. वर्किंग काउंटर कायम बरोबर. कोड ००१ए.

जुना_पीएलसीवाला
लिनक्सच्या भरवशावर मशीन विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तयार मोशन कंट्रोलर घ्या.

टीएसएन_फॅन
आय२१० आहे ना? ईटीएफ क्यूडिस्क (लिनक्समधली वेळेनुसार फ्रेम सोडणारी रांग) लावा, प्रत्येक फ्रेमला टीएक्सटाइम (पाठवायची वेळ) द्या. कार्डच ठरल्या वेळी फ्रेम सोडेल.

एम्बेडेड_कोथरूड
त्याने जिटर (वेळेतलं मागेपुढे होणं) कमी होईल, पण इथे प्रश्न जिटरचा नाहीच. ००१ए म्हणजे सिंक्रोनायझेशन एरर. पीसीचं क्रिस्टल वेगळं, ड्राइव्हचं वेगळं. दोघांत २० पीपीएम (दहा लाखांत २०) फरक धरा : सेकंदाला २० मायक्रोसेकंद, म्हणजे ५० सेकंदांत अख्खा १ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तुमची फ्रेम एकदा सिंक-झीरोच्या (ड्राइव्ह नवी पोझिशन उचलतो त्या ठोक्याच्या) काठावरून सरकते. तिथे ड्राइव्हला एका सायकलमध्ये नवी पोझिशन मिळतच नाही, किंवा दोन मिळतात. तोच खट्ट. सायक्लिकटेस्टमध्ये हे दिसणार नाही, ती पीसीचं घड्याळ पीसीच्याच घड्याळाने मोजते.

डीसी चालू असलं तरी ते बाकीच्या स्लेव्हना रेफरन्स स्लेव्हशी जुळवतं, तुमच्या थ्रेडला नाही. दर सायकलला आलेली डीसी वेळ घ्या, सायकलने भागून बाकी काढा, आणि क्लॉक-नॅनोस्लीपला (थ्रेडला झोपवणारं लिनक्सचं फंक्शन) देता त्या पुढच्या वेळेत पीआय लूपने (चूक मोजून ती हळूहळू शून्यावर आणणारं नियंत्रण) थोडी थोडी दुरुस्ती करा. सोएमच्या उदाहरणांत ईसी-सिंक नावाचं फंक्शन आहे, तेच उचला. स्लीप अॅब्सोल्यूटच (ठरल्या घड्याळवेळेपर्यंतची) ठेवा.

यंत्रवेडा
उलटं का नको, ताई? पीसीची वेळच रेफरन्स स्लेव्हला लिहायची. कोड कमी लागतो.

एम्बेडेड_कोथरूड
चालतं, पण पीसीचा ३० मायक्रोसेकंदांचा जिटर मग ड्राइव्हच्या घड्याळांना हलवत राहतो. सर्व्होसाठी मी ते करणार नाही.

नवशिका_पिंपरी
इथरकॅट पुण्यात कुठे शिकवतात? क्लासची फी किती असते?

भोसरी_मोशन
ती भागाकाराची बाकी लॉग केली. रेषा सरळ चढत ९९९ मायक्रोसेकंदांवर जाते, तिथून शून्यावर येते, आणि खट्ट त्याच ठिकाणी! ईसी-सिंक लावतोय. सिंक-झीरोचा शिफ्ट किती ठेवू?

एम्बेडेड_कोथरूड
आधी अर्धी सायकल, ५०० मायक्रोसेकंद, म्हणजे फ्रेम दोन सिंकच्या मधोमध पडेल. लूप स्थिरावून बाकी एका जागी थांबेपर्यंत ड्राइव्ह ओपीत नेऊ नका. ट्रायलआधी मशीन तास-दोन तास तापू द्या, तापमानाने क्रिस्टल सरकतं.