श्रेयनामावलीत नाव आले, पण सूत्रे कोणाच्या हाती? (के-पॉपमधील मुरलेल्या आयडलांचे एकल संगीत)

पारिजात_सांगली (प्रश्न)

नमस्कार. गेली आठ-नऊ वर्षे मी के-पॉप, म्हणजे दक्षिण कोरियाचे लोकप्रिय संगीत, ऐकते आहे आणि अलीकडे एक प्रश्न मला वारंवार पडतो. गटातून पदार्पण करून बराच काळ लोटलेले आयडल (कंपनीने प्रशिक्षण देऊन घडवलेले गायक-कलाकार) जेव्हा स्वतःचा अल्बम काढतात, तेव्हा ‘या वेळी सगळी सूत्रे त्यांच्याच हाती आहेत’ अशा अर्थाचे वाक्य प्रसिद्धीच्या मजकुरात हमखास असते. चाहतेही लगेच श्रेयनामावली उघडतात आणि गीतकार-संगीतकारांच्या रकान्यात त्यांचे नाव किती वेळा आले ते मोजू लागतात. या मोजणीत ‘ब्लॅकपिंक’ या मुलींच्या गटातल्या रोझेचा डिसेंबर २०२४ मधला ‘रोझी’ पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो, कारण त्यातल्या बाराही गाण्यांच्या लेखनात तिचा सहभाग आहे. ‘बीटीएस’ या मुलांच्या गटातल्या जंगकूकचा नोव्हेंबर २०२३ मधला ‘गोल्डन’ मात्र नापास होतो, कारण त्यातल्या एकाही गाण्यावर लेखक म्हणून त्याचे नाव नाही. मला ही मोजणी पटत नाही, पण ती का पटत नाही हे नीट मांडताही येत नाही. कलाकाराचा आपल्या संगीतावर खरोखर ताबा आहे हे ओळखायचे कशावरून? आणि असा ताबा बहुतेकांना सात-आठ वर्षांनंतरच का मिळतो?

मध्यलय

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. दक्षिण कोरियाच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने जुलै २००९ मध्ये कलाकार आणि कंपनी यांच्यातील कराराचा एक नमुना जाहीर केला. करार सात वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असला, तरी सात वर्षांनंतर तो संपवण्याची सूचना देण्याचा हक्क त्याने गायक-कलाकाराला दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘टीव्हीएक्सक्यू’ गटातील पाचांपैकी तिघे एसएम कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांचा करार तेरा वर्षांचा होता. (या खटल्यामुळे नमुना करार आला असे पुष्कळ जण सांगतात, क्रम उलटा आहे.) तेव्हापासून सातवे वर्ष हा या धंद्यातला उंबरठा ठरला आहे.

पदार्पणाच्या वेळी कंपनीने प्रशिक्षण, राहण्याची सोय, नृत्यशिक्षक आणि चित्रफिती यांवर पैसा ओतलेला असतो आणि तो वसूल व्हायचा असतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला त्या टेबलावर बोलायला जागाच नसते. सात वर्षांनी चित्र पालटते, कारण आता चाहतावर्ग कलाकाराच्या नावाशी बांधलेला असतो आणि कंपनीला त्याची गरज असते. ‘ब्लॅकपिंक’चेच पाहा. ऑगस्ट २०१६ मध्ये पदार्पण झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये चौघींनी गटापुरता वायजी कंपनीशी करार वाढवला, पण एकल कामाचा वाढवला नाही. जेनीने ‘ऑड आतलिए’ आणि लिसाने ‘लाउड’ अशा स्वतःच्या कंपन्या काढल्या, तर रोझे ‘द ब्लॅक लेबल’मध्ये गेली. गट एकीकडे आणि एकल संगीत दुसरीकडे, ही विभागणी आता नवलाची राहिलेली नाही.

जुनी_कॅसेट

मोजणी का पटत नाही, ते मी सांगण्याचा प्रयत्न करतो. उत्तर थोडे लांबेल.

श्रेयनामावलीतले नाव मुळात हक्काची नोंद असते. गाण्याच्या उत्पन्नातील वाटा कोणाला द्यायचा, हे त्यावरून ठरते. ‘रोझी’मधल्याच ‘आपत’ या गाण्याच्या नावावर दहाहून अधिक रचनाकार आहेत. त्यांत माइक चॅपमन आणि निकी चिन हे दोघेही येतात, कारण त्यांच्या ‘मिकी’ या जुन्या गाण्याचा अंश त्यात घेतला आहे. हे दोघे गाणे रचताना त्या खोलीत बसलेले नव्हते, तरी नामावलीत त्यांना जागा आहे. उलट, वीस कच्च्या चालींपैकी एकोणीस बाजूला सारून एक निवडणाऱ्या माणसाचे नाव गीतकार-संगीतकारांच्या रकान्यात कधीच येत नाही.

के-पॉपमध्ये ही निवड फार महत्त्वाची असते, कारण तिथे गाणे सहसा एका डोक्यातून उतरत नाही. मोठ्या कंपन्या गीतलेखनाची शिबिरे भरवतात आणि स्वीडनपासून अमेरिकेपर्यंतचे रचनाकार त्यांत बसतात. एक जण ठेका बांधतो, दुसरा त्यावर गुणगुणत मुख्य चाल बसवतो, इंग्रजीतले कामचलाऊ शब्द घालून नमुना मुद्रित होतो आणि मग कोरियन शब्दांसाठी तो अनेक गीतकारांकडे जातो. यांपैकी कोणता नमुना ठेवायचा, कोणाचे शब्द घ्यायचे, शीर्षकगीत कोणते आणि अल्बम कधी काढायचा, हे ठरवणारे टेबल वेगळेच असते. त्या टेबलावर कलाकाराला खुर्ची आहे का, एवढाच माझ्या लेखी खरा प्रश्न आहे.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला आययू या गायिकेचे वाटते. ती गटातली नव्हे, पण आयडल म्हणूनच घडवली गेली. २०१० मध्ये तिला घराघरांत पोहोचवणाऱ्या ‘गुड डे’ची चाल ली मिन-सू यांची आणि शब्द किम ई-ना यांचे होते, गाणारी ती, घडवणारे दुसरे. ऑक्टोबर २०१५ मधल्या ‘चॅट-शायर’ची निर्मिती तिने प्रथमच स्वतः केली आणि सगळे शब्दही स्वतः लिहिले. लगेच पुढच्या महिन्यात त्यातल्या ‘झेझे’ या गाण्यावरून वादळ उठले. एका ब्राझिलियन कादंबरीतल्या पाच वर्षांच्या मुलावर ते बेतलेले होते, आणि त्या पात्राकडे पाहण्याची तिची दृष्टी कादंबरीच्या कोरियन प्रकाशकाला आक्षेपार्ह वाटली. या वेळी माफी मागायला पुढे कोण आले? तीच. ‘गुड डे’च्या शब्दांवरून असा वाद झाला असता, तर कोणीही तिला जाब विचारला नसता. जाब कोणाला विचारला जातो, ही ताबा ओळखण्याची माझी पहिली खूण आहे.

दुसरी खूण जरा उलटी आहे. २०१७ च्या ‘पॅलेट’ या शीर्षकगीताची चालही तिने स्वतः बांधली. पण २०२१ च्या ‘लायलॅक’मध्ये सर्व गाण्यांच्या शब्दांत तिचा हात असूनही चाली मात्र तिने बहुतांशी इतरांकडून घेतल्या. नावे मोजणाऱ्याला ही पीछेहाट वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण काम दुसऱ्यावर सोपवणे तिला ‘गुड डे’च्या काळात शक्यच नव्हते. तेव्हा ते तिच्या वतीने सोपवले जात असे.

अनुस्वार

जुनी_कॅसेट यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण मध्यलय यांचा सात वर्षांचा हिशेब मला फार नीटनेटका वाटतो. ‘बिगबँग’ या गटाचे पदार्पण २००६ चे, आणि त्यांना शिखरावर नेणारे ‘लाइज’ हे गाणे त्यातल्याच जी-ड्रॅगनने २००७ मध्येच रचले होते. तेव्हा तो एकोणीस वर्षांचाही नव्हता किंवा नुकताच झाला होता. म्हणजे गाण्यांवरची पकड त्याला करार संपण्यापूर्वी कितीतरी आधी मिळाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये तो ‘गॅलेक्सी कॉर्पोरेशन’ या दुसऱ्या कंपनीत गेला, ते गाणी लिहायला मिळावीत म्हणून गेला असे म्हणता येत नाही. कंपनी सोडणे आणि संगीत हाती घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘शायनी’ या गटातल्या जोंग-ह्यूनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तो एसएम सोडून गेला नाही. २०१४ पासून तो रात्रीचा एक रेडिओ कार्यक्रम करीत असे आणि त्या कार्यक्रमासाठी श्रोत्यांच्या गोष्टींवरून गाणी लिहीत असे. त्या गाण्यांचा ‘स्टोरी ऑप. १’ हा संग्रह २०१५ मध्ये निघाला. कंपनीच्या भिंतींच्या आत राहून, कंपनीच्या वेळापत्रकाबाहेरची एक खिडकी त्याने शोधली होती. तो संग्रह मी आजही ऐकतो. त्यातला संथपणा त्या काळच्या कोणत्याही शीर्षकगीतात सापडत नाही.

‘बीटीएस’च्या आरएमनेही असेच केले. मे २०२४ मधल्या ‘राइट प्लेस, राँग पर्सन’साठी त्याने ‘बामिंग टायगर’ या मंडळीतल्या सान यॉनसारख्या कंपनीबाहेरच्या माणसांना सोबत घेतले. करार तोच आणि कंपनीही तीच राहिली, पण खोलीत बसलेली माणसे बदलली आणि अल्बमचा पोतच वेगळा झाला. खोलीत कोणाला बोलवायचे हे कोण ठरवते, ही तिसरी खूण जुनी_कॅसेट यांच्या दोन खुणांना जोडावी असे सुचवतो.

मध्यलय

जी-ड्रॅगनबाबत चूक मान्य. माझा मुद्दा बहुसंख्यांपुरताच होता, हे स्पष्ट करायला हवे होते. मात्र एक गोष्ट राहून गेली. ध्वनिमुद्रणाचा खर्च जी कंपनी करते, त्या मुद्रणाची मालकी सहसा तिच्याकडेच राहते. त्यामुळे आधीच्या कंपनीत केलेली एकल गाणी कलाकाराने स्वतः लिहिलेली असली, तरी मूळ मुद्रणांचे काय करायचे हे तो एकटा ठरवू शकत नाही. स्वतःची कंपनी काढण्यामागे मला हे कारण गीतलेखनापेक्षा वजनदार वाटते.

पारिजात_सांगली

सर्वांचे आभार. या तीन खुणा लावून मी काल ‘गोल्डन’ पुन्हा ऐकला आणि माझाच प्रश्न थोडा चुकला होता असे वाटले. जंगकूकला लिहिता येत नाही म्हणून त्याचे नाव नाही, असे मी नकळत गृहीत धरले होते. प्रत्यक्षात जून २०२० मध्ये चाहत्यांसाठी विनामूल्य दिलेल्या ‘स्टिल विथ यू’च्या लेखनात तो होता. म्हणजे ‘गोल्डन’मध्ये न लिहिणे ही त्याची स्वतःची निवड होती, की इंग्रजी बाजारपेठेसाठी आखलेल्या योजनेत त्याच्या लेखनाला जागाच ठेवलेली नव्हती, हा खरा प्रश्न आहे, आणि तो नामावलीसमोर बसून सुटणारा नाही. ‘स्टोरी ऑप. १’ मी अजून ऐकलेला नाही. आज रात्री तोच लावते.